अल्लाहला भूक कशी कळते?

पहिला रोजा ठेवलेले मूल दुपारनंतर सारखे घड्याळाकडे पाहू लागते. ओठ सुकलेले, चेहरा उतरलेला. अशा वेळी एखादे लेकरू विचारून बसते, ‘अम्मी, अल्लाहला तर भूक लागत नाही. मग मला भूक लागलीय हे त्याला कसं कळतं?’ अम्मी हसते आणि विषय बदलते. पण हाच प्रश्न मोठ्यांच्याही मनात असतो. आजाऱ्याच्या उशाशी बसताना, हाताला काम नसताना, मयतीच्या घरात तो वर येतो. ज्याला आजार नाही, मरण नाही, त्याला आपले दुःख काय कळणार?

अल्लाह सर्वांना खाऊ घालतो, त्याला कोणी खाऊ घालत नाही, असे पवित्र कुरआनच्या सूरह अनआममध्ये सांगितले आहे. म्हणजे माणसासारखी भूक त्याला नाही. मात्र सूरह मुल्कमध्ये एक साधा प्रतिप्रश्न आहे: ज्याने निर्माण केले, त्यालाच माहीत नसेल का? दुसऱ्याचे दुखणे कळायला माणसाला आधी स्वतःला ठेच लागावी लागते. ही माणसाच्या ज्ञानाची मर्यादा आहे. अल्लाहला अशा ठेचेची गरज नाही, कारण भूक आणि वेदना त्याचीच निर्मिती आहे.

तरीही माहीत असणे वेगळे आणि समजून घेणे वेगळे, असे कुणी म्हणेल. त्याने मदीनेतील हजरत खौला बिन्ते सालबा (र.) यांची हकिकत ऐकावी. त्यांच्या वृद्ध पतीने रागाच्या भरात, तू मला आईसारखी आहेस, अशा अर्थाचे शब्द काढले. अरबांच्या जुन्या रूढीत याला जिहार म्हणत. अशी बाई ना धड नांदती, ना मोकळी. खौला प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आल्या, वाद घातला आणि अल्लाहकडे गाऱ्हाणे मांडले. हजरत आयशा (र.) जवळच होत्या, तरी त्यांना सगळे बोलणे ऐकू आले नाही. अल्लाहने मात्र ते ऐकले. सूरह मुजादलाच्या सुरुवातीच्या आयती याच प्रसंगी अवतरल्या. असे बोलणाऱ्या पतीला प्रायश्चित्त ठरले: गुलाम मुक्त करावा, ते शक्य नसेल तर सलग २ महिने रोजे ठेवावेत, तेही झेपत नसेल तर ६० गरिबांना जेवू घालावे. ‘झेपत नसेल तर’ या सवलतीतच माणसाला समजून घेणे आहे.

रमजानच्या रोजांचेही तसेच. आजारी आणि प्रवासी माणसाने राहिलेले रोजे नंतर पूर्ण करावेत, अशी मुभा सूरह बकरामध्ये आहे. विशेष म्हणजे रोजासंबंधीच्या १८३ ते १८७ या आयतींच्या मधोमध, १८६ व्या आयतीत, अल्लाह आपण जवळ असल्याचे आणि हाक मारणाऱ्याची हाक ऐकत असल्याचे सांगतो.

सहीह मुस्लिममधील एक हदीस याहून पुढे नेते. कयामतच्या दिवशी अल्लाह माणसाला विचारेल की, मी आजारी होतो, तू भेटायला आला नाहीस. मी जेवण मागितले, तू दिले नाहीस. माणूस चकित होईल. साऱ्या जगाच्या पालनकर्त्याला जेवण कसे द्यायचे? उत्तर मिळेल की, माझ्या अमुक बंद्याने तुझ्याकडे जेवण मागितले होते. त्याला दिले असतेस, तर त्याचा मोबदला आज माझ्याजवळ मिळाला असता. आजाऱ्याला भेटला असतास, तर मी त्याच्याजवळच सापडलो असतो.

इथे प्रश्न उलटा होतो. अल्लाहला भूक कळते. माणसाला कळते का? दिवसभर पोट रिकामे ठेवूनही शेजारच्या घरात चूल पेटली का, हे दिसले नाही, तर त्या रोजातून काय शिकलो? लेकराच्या प्रश्नावर अम्मीला एक उत्तर देता येईल. इफ्तारीचे एक ताट झाकून त्याच्याच हातात द्यावे आणि त्याला शेजारी पाठवावे.