हस्तपत्रक आणि आपली पेढी

बडोद्याच्या उत्तरेस, आणंदकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यालगत छाणी हे गाव आहे. आता ते वडोदरा महानगरात सामावले गेले असले, तरी आपल्या समाजात त्याचे नाव आदराने घेतले जाते ते निराळ्या कारणाने. या गावातील कित्येक घरांतून पिढ्यान्पिढ्या मुलामुलींनी दीक्षा घेतली. येथील ज्ञानभांडारातील ‘ओघनिर्युक्ती’ची सचित्र ताडपत्रीय पोथी इ. स. ११६१ मधील असून, पश्चिम भारतातील प्राचीन चित्रकलेच्या अभ्यासकांस ती सुपरिचित आहे. साधूने उपकरणांचे पडिलेहण कसे करावे, भिक्षेत काय घ्यावे आणि काय नाकारावे, अशा नित्याच्या लहानसहान आचाराचा विचार या ग्रंथात केलेला आहे. गावाचे जुने नाव छायापुरी; २०२० साली येथे सुरू झालेल्या नव्या रेल्वे स्थानकासही तेच नाव देण्यात आले.

अशा या गावात आमची किराणा मालाची व साजूक तुपाची पेढी तीन पिढ्यांपासून चालत आली आहे. गेल्या वर्षी या पेढीच्या ओट्यावर जो प्रसंग घडला आणि त्यामुळे आम्हांस स्वतःशी जो हिशेब मांडावा लागला, तो सभासद बंधुभगिनींपुढे ठेवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

आमचा पुतण्या महाविद्यालयात शिकतो. तो आणि त्याचे सहा-सात सोबती रविवारी रात्री आमच्या ओट्यावर बसून छापील कागदांच्या घड्या घालीत. सोमवारी सकाळी विद्यापीठाच्या फाटकाशी उभे राहून ती पत्रके ते येणाऱ्याजाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती देत. पत्रके गुजराती व इंग्रजी भाषांत होती. बडोद्यात मराठी घरे पुष्कळ आहेत, हे लक्षात घेऊन आमच्या आग्रहावरून थोड्या प्रती मराठीतही निघाल्या. मांस-मच्छीच नव्हे, तर दूध, दही, तूप, मध हेही आठ दिवस सोडून पाहा आणि मग काय ते ठरवा, एवढीच त्यांत विनंती होती.

या आहारविचारास आता सर्वत्र ‘व्हीगन’ म्हणतात. हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली रूढ झाला. डोनाल्ड वॉटसन या सुतारकाम शिकविणाऱ्या शिक्षकाने काही सोबत्यांसह शाकाहारी मंडळींतून वेगळी चूल मांडली, आणि प्राण्यापासून मिळणारी कोणतीच वस्तू न वापरणाऱ्यांसाठी हे नवे नाव घेऊन एक लहानसे वार्तापत्र काढले. विद्यार्थ्यांना पत्रके वाटण्याची पद्धत पुढे अमेरिकेत वाढली. मॅट बॉल आणि जॅक नॉरिस या दोघा तरुणांनी आरंभी कत्तलखान्यापुढे उपोषण केले. निदर्शनांपेक्षा शांतपणे हाती दिलेला कागद अधिक काम करतो असा अनुभव आल्यावर त्यांनी १९९३ साली ‘व्हीगन आउटरीच’ या संस्थेचा पाया घातला. २००३ पासून तर एकेका कार्यकर्त्याने एकेक महाविद्यालय पत्करावे अशी योजनाच तिने आखली. आपल्याकडे पुण्याची ‘ब्यूटी विदाउट क्रूएल्टी’ ही संस्था १९७४ पासून हेच काम करीत आली आहे. रेशीम, मोती, चामडे, वर्ख या वस्तूंमागील हिंसा तिने आपल्या पत्रकांतून घरोघर पोहोचविली.

छापील कागदाने काय होणार, असे म्हणणाऱ्यांनी गांधीजींच्या विद्यार्थिदशेचे स्मरण करावे. १८८८ साली विलायतेस जाताना त्यांनी मातोश्रींजवळ मांसत्यागाची जी प्रतिज्ञा केली, ती बेचरजी स्वामी या जैन साधूंनी त्यांच्याकडून करवून घेतली होती. तथापि लंडनमध्ये ते मांस वर्ज्य करीत होते ते केवळ वचनासाठी. मन अद्यापि वळले नव्हते. पुढे फॅरिंग्डन स्ट्रीटवरील शाकाहारी उपाहारगृहात हेन्री सॉल्ट यांची शाकाहारावरील एक लहानशी पुस्तिका त्यांनी एक शिलिंग देऊन विकत घेतली, ती समग्र वाचली, आणि त्या दिवसापासून ते स्वतःच्या बुद्धीने शाकाहारी झाले. २० नोव्हेंबर १९३१ रोजी लंडनच्या शाकाहारी मंडळीपुढे त्यांचे भाषण झाले, तेव्हा वृद्ध सॉल्ट तेथे उपस्थित होते. दूध तर गांधीजींनी १९१२ सालीच सोडले होते. पुढे मोठ्या आजारात शेळीचे दूध घ्यावे लागले, याची खंत त्यांना अखेरपर्यंत राहिली.

असो. एके सोमवारी आम्हीही मुलांसमवेत गेलो. १८८१ साली स्थापन झालेल्या बडोदा कॉलेजची घुमटाची भव्य इमारत आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा भाग आहे; तिच्याजवळच मुले उभी राहिली. कोणी कागद घेऊन पुस्तकात ठेवी, कोणी दहा पावलांवर टाकून देई. टाकलेला प्रत्येक कागद मुलांनी शेवटी वेचून घेतला, हे पाहून बरे वाटले.

तिघांचे बोलणे मात्र आमच्या मनात घर करून राहिले. एका विद्यार्थ्याने पत्रक वाचून विचारले, “म्हणजे आमचे घर अपवित्र, असेच ना तुमचे म्हणणे?” त्याच्या घरी मासळी खाल्ली जात असे. पुतण्याने सांगितले, “नाही. शिवाशिवीशी याचा काही संबंध नाही. आम्ही प्राण्याच्या वेदनेविषयी लिहिले आहे, आणि त्यात आमची घरेही आली.” दुसरा हसून म्हणाला, “तुमच्या लग्नातले रेशमी शालू आणि मोत्यांचे हार आम्ही पाहिलेले आहेत.” यावर मुले काही बोलली नाहीत, आम्हीही बोललो नाही.

तिसरी होती आणंदकडील एका खेड्यातून आलेली मुलगी. ती शांतपणे म्हणाली, “माझी आई दोन म्हशींचे दूध सकाळ-संध्याकाळ मंडळीत भरते. फॅट लागेल त्याप्रमाणे पैसे येतात, त्यांतून माझी फी भरली जाते. तुमच्या कागदात माझी आई कुठे आहे?”

हा प्रश्न साधा नाही. १९४६ साली त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली खेडा जिल्ह्याचा दूध उत्पादक संघ स्थापन झाला, तो व्यापाऱ्यांकडून होणारी नाडवणूक थांबावी म्हणून. त्या व्यापाऱ्यांत आपल्यासारखेही असतील. ज्या बाईच्या हातात या संघामुळे प्रथमच रोख पैसा आला, तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा अधिकार तुपाच्या पेढीवर बसून आम्हांस कसा पोहोचेल?

त्याच सायंकाळी पुतण्याने विचारले, “काका, पुढच्या छपाईचा खर्च पेढीने दिला तर चालेल का?” आम्ही म्हणालो, “आनंदाने देऊ. खाली ‘सौजन्य’ म्हणून पेढीचे नाव तेवढे घाला.” स्मरणिका असो की पत्रिका, देणगीदाराचे नाव छापणे ही आपली रीतच आहे. तो थोडा घुटमळला आणि म्हणाला, “काका, रागावू नका. वर दुधामागची हिंसा लिहायची आणि खाली साजूक तुपाच्या पेढीचे नाव, हे वाचून मुले काय म्हणतील?”

राग आला, हे नाकारीत नाही. याच तुपावर या घरातील शिक्षणे झाली, लग्ने झाली, देरासरात दिवे लागले. परंतु रात्री वही पुढे ओढली असता पटले की, मुलगा व्यापाराचीच भाषा बोलत होता. हुंडी लिहिणाऱ्याने ती सकारली जाईल याची तजवीज आधी करावी लागते. हस्तपत्रक हीसुद्धा एक हुंडीच होय. त्यावर नाव घालणाऱ्याच्या दारात ती कोणीही घेऊन येऊ शकतो.

मग पत्रकातील मजकूर आम्ही मालाची पारख करावी तसा तपासला. गाय किंवा म्हैस व्याल्यावाचून दूध देत नाही, हे सर्वज्ञात आहे. व्यालेली निम्मी वासरे नर असतात. बैल शेतात होता तोवर त्या नराला किंमत होती. ट्रॅक्टर आल्यावर ती गेली. २०१९ च्या पशुगणनेत देशातील गोवंश सुमारे १९ कोटी २५ लाख भरला आणि त्यांत माद्या सुमारे १४ कोटी ५१ लाख निघाल्या. म्हणजे नर उरले पावणेपाच कोटींच्या आत. जन्म समसमान आणि शिल्लक अशी विषम, तर तूट कोठे गेली, हे व्यापाऱ्यास वेगळे सांगावयास नको. म्हशीचे पारडू तर त्याहून दुर्दैवी. आणि म्हशीचे मांस परदेशी पाठविणाऱ्या आघाडीच्या देशांत आपला देश मोडतो. आपण पांजरापोळास देणगी देतो तेव्हा ज्या जनावरांचा सांभाळ करतो, त्यांतील अनेक आपल्याच दुधाच्या पेल्यातून तेथवर आलेली असतात. जमा-खर्चाची ही दोन पाने आजवर आम्ही एकत्र ताडून पाहिली नव्हती.

दुधावाचून आपला निर्वाह होणार नाही, हा आक्षेप घरच्या स्त्रियांनीच खोडून काढला. चैत्रात आणि आश्विनात नवपदाच्या ओळीचे नऊ दिवस आपल्याकडे आयंबिल होतात; त्यांत दूध, दही, तूप इत्यादी विगई वर्ज्य असतात. ज्या समाजाच्या आयंबिलशाळेत ही रीत शतकानुशतके चालली, त्यास व्हीगन आहार परका वाटावा, हेच नवल. जिभेची गोष्ट वेगळी. ती कठीण आहे, हे आम्ही चहाच्या पहिल्या काळ्या कपापाशीच मान्य केले. अमेरिकेतील जैन घरांत चित्रभानूजी आणि प्रमोदाबेन यांनी हा विचार अनेक वर्षे मांडला, तेव्हा तेथेही हीच अडचण प्रथम पुढे आली असावी.

पत्रकात एक उणीवही सापडली. प्राणिजन्य पदार्थ सर्वस्वी सोडणाऱ्यास बी-१२ हे जीवनसत्त्व गोळीच्या वा तत्सम रूपाने घ्यावेच लागते. मुलांनी ते लिहिले नव्हते. गुण सांगून दोष झाकणे म्हणजे मापात मारणे. नव्या आवृत्तीत ते ठळक अक्षरांत आले, आणि तीळ, नाचणी, राजगिरा यांतील कॅल्शियमचा उल्लेखही आला. त्या आणंदकडील मुलीच्या प्रश्नावरून आणखी एक वाक्य घातले गेले: हा कागद दूध भरणाऱ्या कोणा आईविरुद्ध नाही, तिच्या हाती दुसरे उत्पन्न येईपर्यंत हा प्रश्न सुटला असे आम्ही म्हणणार नाही.

आम्ही स्वतः काय केले, तेही सांगितले पाहिजे. तुपाची विक्री आम्ही बंद केलेली नाही. पेढीवर नोकरांचे पगार आहेत, आणि जे केले नाही ते केले असे लिहिणे या लेखास शोभणार नाही. परंतु छपाईचा खर्च पेढीने दिला आणि पत्रकावर नाव घातले नाही. वर्ख पूर्वी जनावराच्या आतड्याच्या पडद्यांत चांदी कुटून होत असे. आता यंत्रावर तयार होणारा वर्ख मिळतो, तोच आम्ही लेखी हमी घेऊन ठेवतो, मग तो मिठाईसाठी असो वा आंगीसाठी. तुपाच्या नफ्यातील ठरावीक भाग पांजरापोळाच्या नावे वर्षारंभीच वेगळा निघतो; त्याला आता आम्ही दान म्हणत नाही, देणे म्हणतो. आणि समोरच्या फळीवर तीळ, शेंगदाणा, खोबरे यांपासून केलेल्या पदार्थांना जागा दिली आहे. अशा मालासाठी सरकारने २०२२ साली स्वतंत्र नियम व चिन्ह ठरवून दिले आहे. सभासदांनी ते नियम अवश्य पाहावेत, कारण मागणी उद्या आपल्या मुलांकडूनच येणार आहे.

नेमिनाथ प्रभूंची कथा आपण दरवर्षी ऐकतो. वरातीच्या भोजनासाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश कानी पडला, तेव्हा त्यांनी वऱ्हाड्यांस उपदेश केला नाही; आपला रथ मागे वळविला. आमचा रथ जड आहे आणि त्यावर तीन पिढ्यांचा माल लादलेला आहे. तो किती वळला, हे पुढील वर्षीच्या वहीत दिसेल.

तोवर सभासद बंधूंस एवढीच विनंती की, आपल्या घरची मुले असे काही कागद घेऊन आली, तर पाकिटात हात घालण्यापूर्वी तो कागद आपल्या गादीवर बसून एकदा पूर्ण वाचावा. पैसे देणे सोपे आहे. नाव घालावे की न घालावे, याचे उत्तर ज्याचे त्याने आपल्या वहीत पाहून द्यावे.