स्पीकर एक, अ‍ॅम्प्लिफायर दोन

कासारवाडीत नाशिक फाट्याजवळ मी गाडीच्या म्युझिक सिस्टिमला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर बसवून घेतला. तो बंद असतानाही गाणी ऐकू यावीत, एवढीच इच्छा! कारागिराने दोन्हींच्या तारा एकाच स्पीकरला जोडल्या. चौथ्या दिवशी सिस्टिम मुकी झाली.

चूक कुठे झाली? गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. आजकालच्या बहुतेक सिस्टिममध्ये स्पीकरची प्रत्येक तार सुमारे ६ व्होल्टवर असते. म्हणजे काळ्या रेघेची तार अर्थिंगची नव्हे! ती गाडीच्या पत्र्याला टेकली, किंवा दुसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुटला जोडली, की आतला आयसी जळू शकतो.

उपाय सोपा आहे. पुढच्या दोन स्पीकरांना दोन्ही तारा एकदम बदलणारा १२ व्होल्टचा एकेक रिले लावावा. रिलेच्या मधल्या टोकांना स्पीकर, एरवी जुळलेल्या टोकांना सिस्टिम आणि रिले ओढल्यावर जुळणाऱ्या टोकांना अ‍ॅम्प्लिफायर. अ‍ॅम्प्लिफायर सुरू करणारी निळी-पांढरी तार एका छोट्या बटणातून आणून तिच्यावरच रिलेही चालवावेत. बटण दाबले की अ‍ॅम्प्लिफायर वाजेल, नाहीतर सिस्टिम. दोघांची गाठ कधीच पडणार नाही. अ‍ॅम्प्लिफायरला गाणे मात्र आरसीए केबलने द्यावे.

आणखी एक. अ‍ॅम्प्लिफायरच्या जाड तारेला बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत फ्यूज हवाच. तार कुठे घासली, तर तो फ्यूजच गाडीला आगीपासून वाचवतो.

तेव्हा पैसे देण्यापूर्वी कारागिराला जरूर विचारा, ‘‘दोन्ही तारा बदलतात ना?’’