घर बांधणारे वकील

'घर पहावें बांधून' अशी आपल्याकडे एक म्हण आहे, आणि 'शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये' अशी दुसरी. पहिलींत घर उभारतांना होणारी दमछाक सांगितली आहे. दुसरींत कोर्टकचेरीविषयींचा आपल्या समाजाचा धाक. ह्या दोहोंचा एकमेकींशीं कांहीं संबंध असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. घर म्हटलें कीं गवंडी, सुतार, विटा आणि पैसा हीं डोळ्यांपुढें उभीं राहतात. वकील आठवतो तो घरावरून भांडण पेटल्यावर. परंतु शहरांत राहणाऱ्या बेताच्या मिळकतीच्या माणसाचें घर ज्या पायावर उभें असतें, तो पाया दगडाइतकाच कागदाचाहि असतो. आणि तो कागद वेळेवर व नीट लिहिणारा मनुष्य गवंड्याइतकाच त्या घराचा कर्ता असतो. हाच विचार आज आम्हांस वाचकांपुढें मांडावयाचा आहे.

अमेरिकेंत ह्या कामाला वाहिलेली वकिलांची एक स्वतंत्र शाखाच आहे. अमेरिकन बार असोसिएशन ह्या तेथील वकिलांच्या मोठ्या संघटनेंत, परवडणारीं घरें व वस्तीविकास ह्यांसंबंधींचा कायदा पाहणारांचें एक वेगळें मंडळ आहे. त्यांचें काम काय, तें एका उदाहरणावरून ध्यानांत येईल. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीं भाड्याचीं घरें बांधण्यास जो भांडवल पुरवील, त्याला दहा वर्षेंपर्यंत प्राप्तिकरांत सवलत मिळावी, अशी सोय तेथें १९८६ सालच्या कायद्यानें झाली. आतां भांडवलवाल्याची दृष्टि सवलतीकडे, कर्ज देणाऱ्या पेढीची तारणाकडे, आणि घरें बांधणाऱ्या सेवाभावी संस्थेची भाडेकऱ्याकडे. ह्या तिघांना एका दस्तांत बांधावयाचें, आणि भाड्याची मर्यादा सामान्यतः तीस वर्षें टिकावी अशी अट जमिनीच्या दप्तरांतच नोंदवून ठेवावयाची, हें त्या वकिलाचें काम. मालक बदलला तरी अट जमिनीबरोबर चालते. तेथें राहणाऱ्या बाईला त्या दस्तांतलें एक अक्षरहि ठाऊक नसेल; पण तिचें भाडें तिच्या आवाक्यांत राहतें तें त्या अक्षरांमुळें.

आपल्याकडे ह्या शाखेला असें वेगळें नांव नाहीं. काम मात्र आपल्याकडेहि शंभराहून अधिक वर्षांचें जुनें आहे, आणि त्याचा आरंभ मुंबईंत झाला.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला, तेव्हां दाटीच्या वस्तीनें काय अनर्थ ओढवतो तें सर्वांस दिसलें. १८९८ सालीं सरकारनें इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापिला. त्यानें रस्ते काढले, कोंदट वस्त्या पाडल्या; परंतु कारकुनी करून पोट भरणाऱ्या गृहस्थानें स्वतःचें घर करावें कसें, हा प्रश्न राहिलाच. एकट्याला जमीन परवडत नव्हती आणि एकट्याला कर्ज मिळत नव्हतें. वीसपंचवीस जणांनीं मिळून घ्यावें म्हटलें, तर कायद्याच्या दृष्टीनें ती नुसती मंडळी. तिच्या नांवें खरेदीखत व्हावयाचें तर आधीं तिला कायद्याचा देह हवा. १९०४ सालच्या सहकारी कायद्यांत सोय होती ती पतपेढ्यांपुरती. १९१२ सालच्या कायद्यानें इतर कामांच्या सहकारी संस्थांनाहि दार उघडलें, आणि १९१५ सालीं गांवदेवी येथें सारस्वत को-ऑपरेटिव्ह हौसिंग सोसायटी नोंदली गेली. आपल्या देशांतील पहिल्या सहकारी गृहसंस्थांपैकीं ती एक मानली जाते.

तिचे प्रवर्तक राव बहादूर श्रीपाद सुबराव तालमकी. ह्याच गृहस्थांनीं १९०६ सालीं शामराव विठ्ठल बँक काढली होती, आणि तिला आपले गुरु शामराव विठ्ठल कायकिणी ह्यांचें नांव दिलें होतें. हे कायकिणी शिक्षक, वकील व समाजसुधारक होते. गृहसंस्थेचा नमुना विलायतेंतला होता. लंडनजवळ ईलिंग येथें १९०१ सालीं कामकऱ्यांनीं अशी एक संस्था काढली होती, कीं जमीन व इमारत सर्वांच्या मिळून संस्थेची, आणि प्रत्येक सभासद तिचा भागीदार असून तिचाच भाडेकरी. घरमालक आणि भाडेकरी हीं जन्माचीं वैरी नातीं एकाच माणसांत नांदतीं करणें हें गवंड्याचें काम नव्हे. तें पोटनियम लिहिणाराचें काम आहे.

ह्या इतिहासाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. पोटनियम हें दार आहे. तें उघडतें तसें मिटतेंहि. ह्या संस्था आरंभीं बहुधा एकेका ज्ञातीच्या निघाल्या, कारण ओळख आणि विश्वास तेथेंच होता. अमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेनें सभासदत्व पारश्यांपुरतें ठेवणारा पोटनियम केला होता. तो कायदेशीर आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं दिला. कायद्यानें तो टिकला, पण आपल्या मनाला आपण विचारावें. सुशिक्षित वर्गाला ह्या विद्येचा लाभ आधीं झाला, तो त्याच्या घरांतच लिहिणारे आणि वकील होते म्हणून. ज्यांच्या घरांत ते नव्हते, त्यांची हकीकत पुढें येईल.

तत्पूर्वीं आपल्याच उंबरठ्यावरची गोष्ट पाहूं. स्वातंत्र्यानंतर इमारत बांधून तिच्यांतील सदनिका एकेकाला विकण्याचा प्रघात मुंबईंत फोफावला आणि त्याबरोबर फसवणूकहि. म्हणून महाराष्ट्रांत १९६३ सालीं मालकीच्या सदनिकांचा कायदा झाला. त्यानें बांधणाराला सांगितलें कीं, घेणारांची संस्था स्थापन कर, आणि दुसरी मुदत ठरली नसेल तर संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांच्या आंत जमीन व इमारत संस्थेच्या नांवें करून दे. ह्या शेवटच्या दस्ताला अभिहस्तांतरण म्हणतात. पुष्कळ ठिकाणीं तो झालाच नाहीं. इमारत जुनी होते, पण जमिनीचें मोल वाढत जातें. तें कोणी सुखासुखी सोडीत नाहीं. सदनिकाधारक मात्र किल्ली हातीं आली म्हणजे सर्व मिळालें असें समजून निश्चिंत होतात. तीसचाळीस वर्षें कर भरतात, गिलावा करतात, मुलींचीं लग्नें त्याच घरांतून लावून देतात. आणि भिंतींना तडे जाऊन इमारत पाडावयाची वेळ आली म्हणजे त्यांना कळतें कीं, आपल्या पायांखालची जमीन आपली नाहीं. नव्या इमारतीचा करार कोणाशीं करावा, वाढीव बांधकामाचा लाभ कोणाचा, ह्या प्रत्येक प्रश्नाशीं तो न झालेला दस्त आडवा येतो.

ह्यावर २००८ सालीं उपाय निघाला. बांधणारा दस्त करून देत नसेल, तर संस्थेनें जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करावा. त्यानें दोन्ही पक्षांचें म्हणणें ऐकावें, आणि योग्य दिसल्यास प्रमाणपत्र देऊन एकतर्फी दस्त नोंदवूं द्यावा. ह्याला मानीव अभिहस्तांतरण असें जड नांव आहे. पण अर्थ सोपा आहे : समोरचा सही करीत नाहीं म्हणून तुमचा हक्क अडून राहूं नये. येथें वकिलाचें काम वाक्चातुर्याचें नाहीं, चिकाटीचें आहे. प्रत्येक सभासदाचा नोंदलेला करार, मंजूर नकाशा, मिळकतपत्रिका, संस्थेच्या नोंदणीचा दाखला, हीं सर्व गोळा करून जुळवावीं लागतात. खर्च साऱ्या संस्थेंत वांटला म्हणजे जड जात नाहीं. जड जातो तो आपला 'पुढच्या सभेंत पाहूं' हा स्वभाव.

आतां ज्यांच्यापाशीं किल्लीहि नाहीं त्यांच्याकडे वळूं. १९८१ च्या भर पावसाळ्यांत मुंबईच्या पदपथांवरील झोपड्या काढून तेथील माणसांना गांवीं परत पाठविण्याचा निर्णय राज्य सरकारनें जाहीर केला. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस, आणि स्वतः पदपथावर राहणारीं माणसें सर्वोच्च न्यायालयांत गेलीं. त्यांच्या बाजूनें इंदिरा जयसिंग आदि वकील उभे राहिले. म्हणणें साधें होतें : काम जेथें मिळतें तेथेंच हीं माणसें राहतात; निवारा काढला म्हणजे काम जातें, आणि काम गेलें म्हणजे जगणें जातें. १० जुलै १९८५ रोजीं सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड ह्यांच्या घटनापीठानें निकाल दिला. जीविताच्या हक्कांत उपजीविकेचा हक्क येतो, हें तत्त्व त्यानें मान्य केलें. परंतु पदपथावर राहण्याचा हक्क मात्र मान्य केला नाहीं. योग्य नोटीस देऊन पालिकेला झोपड्या काढतां येतील. १९७६ च्या मोजणींत ज्यांना ओळखपत्रें मिळालीं त्यांना पर्यायी जागा द्यावी. आणि पावसाळा सरेपर्यंत कोणाला हलवूं नये, असें त्यानें ठरविलें.

हा विजय कीं पराजय, ह्याचा वाद अद्याप मिटलेला नाहीं. आम्हांस त्यांतील एकच गोष्ट मोलाची वाटते. जागा कोणाला मिळावयाची? ज्याच्यापाशीं ओळखपत्र त्याला. तत्त्व सर्वांचें झालें, पण निवारा कागदवाल्याचा झाला.

हें मर्म ज्यांनीं ओळखलें त्यांत १९८४ सालीं मुंबईंत स्थापन झालेली 'स्पार्क' ही संस्था होती. तिनें १९८५ सालीं पदपथांवरील कुटुंबांची मोजणी केली, कारण जो कोठेंच लिहिलेला नाहीं तो सरकारला दिसत नाहीं. भायखळ्याच्या पदपथांवरील स्त्रियांनीं 'महिला मिलन' ह्या आपल्या संघटनेंत रोजच्या मजुरींतून थोडें थोडें साठविण्यास आरंभ केला. १९९५ सालीं झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना आली, तेव्हां तींत पदपथावरील पात्र कुटुंबांचाहि समावेश झाला. पुढें प्रत्यक्ष बांधकाम करण्याची वेळ आली, तेव्हां १९९८ सालीं 'स्पार्क समुदाय निर्माण सहायक' ही नफा न वांटणारी कंपनी वेगळी काढण्यांत आली. हा वेगळेपणा वरवर पाहतां तांत्रिक वाटेल. परंतु बांधकाम म्हणजे कर्ज आणि जोखीम. सेवेसाठीं जमविलेल्या निधीवर त्या जोखमीची सावली पडूं नये, हा असा देह वेगळा ठेवण्याचा मोठा लाभ असतो. १८६० च्या कायद्याखालीं संस्था नोंदावी, १९५० च्या कायद्याखालीं सार्वजनिक न्यास करावा, कीं नफा न वांटणारी कंपनी काढावी, हें आरंभींच नीट ठरविणें हीच अशा वकिलाची खरी परीक्षा. पुष्कळ सत्कार्यें हेतु वाईट म्हणून बुडत नाहींत. देह चुकीचा निवडला म्हणून बुडतात.

शेवटीं प्रत्येक कुटुंबाच्या कपाटाकडे येऊं. असें समजा कीं, वडिलांनीं स्वकष्टानें घेतलेली सदनिका आहे, आणि सोसायटीच्या दप्तरांत त्यांनीं थोरल्या मुलाचें नांव नॉमिनी म्हणून लिहिलें आहे. वडील गेले. थोरला म्हणतो, घर माझें. तसें नाहीं. मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यान्वयें मुलगे, मुली, पत्नी आणि हयात असल्यास त्या वडिलांची आई, हीं सर्व सारखीं वांटेकरी. महाराष्ट्राच्या सहकारी कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें नॉमिनी हा खरे वारस दाखल होईपर्यंत केवळ तात्पुरता सभासद असतो. तो विश्वस्त, मालक नव्हे. हें एक वाक्य वेळेवर कळलें असतें, तर किती सख्खे भाऊ बोलते राहिले असते आणि किती माहेरवाशिणींना माहेर तुटलें नसतें! वडील हयात असतां, सर्वांच्या समक्ष, वकिलाकडून मृत्युपत्र करून घेणें ह्यांत अशुभ कांहीं नाहीं. आपल्या पाठीमागें घर एक रहावें अशी इच्छा असणाऱ्यानें करावयाचें तें एक कर्तव्यच आहे.

म्हणून आमची वाचकांस विनंति आहे. येत्या सुट्टीच्या दिवशीं करार, भागपत्र आणि नॉमिनीचा कागद बाहेर काढून पहा. संस्थेच्या सभेंत उठून विचारा कीं, अभिहस्तांतरण झालें आहे काय. घरीं काम करणाऱ्या बाईंचें घर कोणत्या कागदावर उभें आहे, तेंहि आपुलकीनें विचारा; स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावतां मोफत वकील देण्याची तरतूद १९८७ च्या विधि सेवा कायद्यांत आहे, हें त्यांना सांगणें आपल्याला सहज जमेल. आणि घरांतील कोणी मुलगा वा मुलगी कायदा शिकत असेल, तर मोठमोठ्या खटल्यांच्या गोष्टींबरोबर ही वाटहि त्यांच्या कानीं घाला. तींत टाळ्या नाहींत आणि पैसाहि बेताचाच. परंतु कोर्टाची पायरी चढावी लागूं नये म्हणून जो आधींच लिहून ठेवतो, त्याच्या पायरीवर शहाण्यानें अवश्य जावें.