गुरुवारची सुट्टी आणि गडावरचे छायाचित्र

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते. विजेच्या मागणीचा भार आठवड्याच्या सर्व दिवसांवर विभागला जावा, या हेतूने औद्योगिक क्षेत्रांना सुट्टीचे निरनिराळे वार नेमून देण्याची जी पद्धत पडली, तिचा हा परिणाम होय. त्यामुळे गुरुवारी सकाळी मळवली स्थानकावर लोकलमधून उतरून लोहगडाची वाट धरणारे, घोरावडेश्वराच्या पायऱ्या चढणारे किंवा मोटारसायकलीवरून भीमाशंकरच्या अरण्याकडे निघालेले तरुण कामगार दिसतात. दुपारपर्यंत त्यांनी टिपलेली ढगांची, तटबंदीची, रानफुलांची छायाचित्रे व्हॉट्सअॅपवरून मित्रांच्या आणि आप्तांच्या हाती पोहोचलेली असतात. दुसऱ्या दिवशी पहाटे हेच तरुण पहिल्या पाळीच्या बसची वाट पाहत थांब्यावर उभे असतात.

या छंदाकडे पाहण्याची सुशिक्षितांची दृष्टी बहुधा थोड्या उपहासाची असते. फिरायला गेले म्हणजे फिरावे, त्याचे प्रदर्शन कशाला, असे विचारले जाते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टाइन व्हेब्लेन याने १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दिखाऊ विश्रांतीची कल्पना मांडली होती. आपल्याला पोटासाठी राबावे लागत नाही, हे चारचौघांना दिसणे हीच धनिक वर्गाच्या प्रतिष्ठेची खूण, असे त्याचे प्रतिपादन होते. परंतु हे माप येथे लावणे अन्यायाचे ठरेल. ज्याचे सहा दिवस पाळीच्या वेळापत्रकाला बांधलेले आहेत, त्याने सातव्या दिवसाचे चित्र दाखविले म्हणून तो आपली ऐट मिरवितो असे होत नाही. राबण्यापलीकडेही आपले काही आयुष्य आहे, एवढेच त्याला आपल्या माणसांना सांगावयाचे असते.

अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकांत विश्रांती ही एकट्या व्यक्तीच्या निवडीची बाब मानली जाते : जास्त काम केले तर वेतन जास्त, विश्रांती कमी. प्रत्यक्षात विश्रांतीचे मोल इतरांच्या विश्रांतीवरही अवलंबून असते. सोव्हिएट रशियाने हा धडा किंमत मोजून घेतला. यंत्रे एक दिवसही थांबू नयेत म्हणून १९२९ मध्ये तेथे पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला आणि कामगारांचे पाच गट पाडून प्रत्येक गटाला सुट्टीचा वेगळा दिवस नेमून देण्यात आला. सुट्ट्यांची संख्या वाढली. पण पतीची सुट्टी एका दिवशी, पत्नीची दुसऱ्या दिवशी आणि मुलांची तिसऱ्या दिवशी, अशी अनेक घरांची अवस्था झाली. एकट्याने घालवायची सुट्टी ही सुट्टीच नव्हे, अशा तक्रारी होऊ लागल्या. दोन वर्षांतच ही पद्धत मागे घेण्यास प्रारंभ झाला आणि १९४० मध्ये रविवारच्या सुट्टीसह सात दिवसांचा आठवडा परत आला.

चाकणमध्ये एका खोलीत राहणाऱ्या चौघा कामगारांची स्थिती याहून फारशी निराळी नसते. एकाची पहिली पाळी, तर दुसऱ्याची रात्रपाळी. एकाला गुरुवार, तर दुसऱ्याला रविवार. ज्याचे कुटुंब जवळ आहे त्याच्या सुट्टीच्या दिवशी मुले शाळेत असतात आणि पत्नी नोकरी करीत असली तर तिचे कार्यालय चालू असते. गावाकडचे आईवडील तर दूरच राहिले. अशा वेळी एकाने पाहिलेला धबधबा दुसऱ्याने जेवणाच्या सुट्टीत किंवा पाळी संपल्यावर पाहायचा आणि ‘पुढच्या वेळी मलाही सांग’ असे त्याला कळवायचे, ही तुटलेली सुट्टी जोडून घेण्याचीच एक धडपड आहे. छायाचित्र पाठविण्याच्या या सवयीचा उगम हौसेत जितका आहे, तितकाच कामाच्या वेळांच्या या विस्कळीतपणातही आहे.

या चित्रसंग्रहाची एक बाजू मात्र रिकामी राहते. उत्पादनाची गुपिते बाहेर जाऊ नयेत म्हणून अनेक कारखान्यांत कामाच्या जागी छायाचित्र घेण्यास मनाई असते. कोठे मोबाइल प्रवेशद्वारापाशी ठेवून आत जावे लागते, कोठे त्याच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली जाते. या मनाईमागे व्यवहाराचे कारण आहे, हे मान्यच केले पाहिजे. पण परिणाम असा होतो की, उमेदीची वर्षे ज्या यंत्रापाशी जातात, त्याच्याजवळ उभ्या असलेल्या कामगाराचे एकही चित्र त्याच्या घरी नसते. लातूर-नांदेडकडच्या आईला आपला मुलगा लोहगडाच्या तटावर हसताना दिसतो. वेल्डिंगच्या ठिणग्यांपुढे वाकलेला दिसत नाही. मुलाचे बरे चालले आहे, अशी गावाची समजूत होते. त्या समजुतीत थोडे खरे असते, आणि बरेच सांगायचे राहून गेलेले असते.

शिवाय असाही एक मोठा वर्ग आहे की, ज्याच्यापाशी गडावरचेही चित्र नसते. हा वर्ग कंत्राटी कामगारांचा. १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेत ही अट १८० दिवसांवर आणण्यात आली. कंत्राटी कामगाराला कायदा वगळत नाही. पण ठेकेदार बदलला की हजेरीचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, ही भीती त्याच्या मनात कायम असते. त्याच्या दृष्टीने रजा म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे बुडालेली मजुरी. साप्ताहिक सुट्टी वेळापत्रकाने ठरते. वार्षिक रजेचा दिवस निवडण्यात मात्र कामगाराला काही वाव असतो. सह्याद्रीतील कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि ती पाळीच्या तक्त्याकडे पाहून फुलत नाही. ती पाहायची तर हवा त्या दिवशी रजा मिळावी लागते. कायम कामगाराला ते कसेबसे जमते. कंत्राटी कामगाराला ते परवडत नाही.

साप्ताहिक सुट्टी हीदेखील आपोआप मिळालेली नाही, याचे स्मरण येथे ठेवावयास हवे. सत्यशोधक विचारांचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, ‘दीनबंधू’ पत्रातून त्यांची गाऱ्हाणी मांडली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्यातून एक दिवस सुट्टी देण्याचे मान्य केले. त्या सुट्टीचे निम्मे मोल ती सर्वांना एकाच दिवशी मिळण्यात होते. आज सुट्टी कायद्याने आहे. तिचे सामाईकपण मात्र पाळ्यांच्या तक्त्यात हरवले आहे.

ते काही अंशी परत आणणे अशक्य नाही. पाळ्यांचे वेळापत्रक महिनाभर आधी जाहीर झाले आणि महिन्यातील निदान एक रविवार आळीपाळीने सर्वांच्या वाट्याला आला, तर उत्पादनाला फारशी झळ पोहोचू नये. ठेकेदार बदलला तरी कामगाराच्या रजेचे खाते कारखान्याच्या पातळीवर अखंड चालू राहावे. कुटुंबीयांना कारखाना दाखविण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. ती सर्वत्र सुरू करून त्या दिवशी कामगाराचे त्याच्या यंत्राजवळचे एक छायाचित्र व्यवस्थापनानेच काढून द्यावे. यांपैकी कोणत्याही गोष्टीचा खर्च या पट्ट्यातील मोठ्या उद्योगांना डोईजड होईल असा नाही. गडावरच्या चित्रांशेजारी कामाचेही चित्र घरच्या भिंतीवर लागावे, आणि ‘पुढच्या वेळी मलाही सांग’ असे लिहिणाऱ्याला पुढच्या वेळी खरोखरच जाता यावे, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.