स्थितिक प्रतिमान

एखाद्या रचनेचे किंवा भूस्तराचे, काळ हा घटक वगळून केलेले गणितीय वर्णन. भार, दाब, घनता इत्यादींची मूल्ये निश्चित मानून सर्व प्रेरणांची व सर्व परिबलांची बेरीज शून्य असली पाहिजे, या अटीवरून अज्ञात राशी काढतात. वस्तू मुळीच हलत नाही, असे येथे अभिप्रेत नसते. बदल इतके सावकाश होतात की, त्यांमुळे उद्‌भवणारी निरूढीची प्रेरणा दुर्लक्षणीय ठरते, एवढेच गृहीत असते. जलाशय भरण्यास काही आठवडे वा महिने लागतात, तर धरणाच्या नैसर्गिक कंपनाचा आवर्तकाल सेकंदाच्या अंशात मोजला जातो. म्हणून पाण्याचा दाब स्थिर भार मानणे योग्यच होय.

भारस्थायी धरणाचा अभिकल्प याच पद्धतीने करतात. पाण्याची खोली ९० मी. असल्यास धरणाच्या प्रत्येक मीटर लांबीवर सु. ४,०५० टन आडवा दाब येतो व तो तळापासून ३० मी. उंचीवर एकवटला आहे, असे मानता येते. धरणाचे स्वतःचे वजन, पायातील पाण्याचा ऊर्ध्व दाब व हा आडवा दाब यांची फलित प्रेरणा तळाच्या मधल्या तृतीयांशात पडली, तर तळावर कोठेही ताण निर्माण होत नाही. हे गणित कागद-पेन्सिलीने होते आणि त्यावर आधारलेली असंख्य धरणे आजही उभी आहेत.

भूकंपाच्या बाबतीत मात्र हीच सोय घातक ठरू शकते. पूर्वी धरणाच्या वजनाचा ठराविक अंश आडवा भार म्हणून धरीत. १०३ मी. उंचीच्या कोयना धरणासाठी हा अंश ०.०५ घेतला होता. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात धरणाच्या ठिकाणी नोंदलेला आडवा प्रवेग धरणाच्या अक्षाला लंब दिशेने गुरुत्वीय प्रवेगाच्या ०.४९ पट, तर अक्षाच्या दिशेने ०.६३ पट होता. धरण कोसळले नाही. परंतु सांडव्याबाहेरील अनेक खंडांना, अनुप्रवाही बाजूचा उतार जेथे एकदम बदलतो त्या पातळीजवळ, आडव्या भेगा पडल्या. सर्व उंचीवर सारखाच अंश धरणाऱ्या प्रतिमानात धरण जमिनीबरोबर अखंड दगडासारखे हलते. प्रत्यक्षात ते वाकते, माथ्याकडे प्रवेग कित्येक पटींनी वाढतो आणि प्रतिबल नेमके त्या पातळीवर एकवटते. चोप्रा व चक्रबर्ती यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गतिकीय विश्लेषणातून भेगांच्या जागेचा उलगडा झाला. भूकंपानंतर या खंडांना अनुप्रवाही बाजूने टेकू देऊन बळकटी आणण्यात आली.

भूविज्ञानात काळाचे माप अगदी वेगळे असते. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात कलियाना व कल्याणपूर यांच्या अक्षांशांतील फरक खगोलीय वेध व भूमापन यांनी काढला असता त्यांत ५.२३६ सेकंदांची तफावत आढळली. हिमालयाच्या आकर्षणाने ओळंबा ढळत असावा, या कल्पनेने प्रॅट यांनी गणित केले, तेव्हा ती १५.८८५ सेकंद यावयास हवी होती. पर्वताखाली हलक्या खडकाचे मूळ असून भूकवच प्रावरणावर तरंगत आहे, असे स्पष्टीकरण एअरी यांनी १८५५ मध्ये दिले. हे निखळ स्थितिक प्रतिमान होय : कवचाची घनता २.६७ व प्रावरणाची ३.२७ धरल्यास ४ किमी. उंच पर्वताचे मूळ सु. १८ किमी. खोल जाते. समतोल साधण्यास किती काळ लागतो, हे मात्र त्यातून कळत नाही. हिमयुगातील बर्फाचा भार नाहीसा होऊन हजारो वर्षे लोटली, तरी स्कँडिनेव्हियाची भूमी वर्षाला सु. १ सेंमी.पर्यंत वर उचलली जातच आहे. तेथे प्रावरणाची श्यानता विचारात घ्यावीच लागते.

खनिज तेलाच्या साठ्याचे स्थितिक प्रतिमान याच जातीचे. विंधन छिद्रांतील नोंदी व भूकंपीय सर्वेक्षण यांवरून थरांची रचना, विभंग, सच्छिद्रता व पार्यता यांचे त्रिमितीय चित्र तयार करतात. छिद्रांमधील जागेतील मूल्ये भूसांख्यिकीने अंदाजावी लागतात. त्यामुळे एकच चित्र न काढता अनेक शक्य चित्रे काढणे अधिक प्रामाणिक समजले जाते. खडकात किती तेल आहे याचा अंदाज यातून मिळतो. त्यातील किती व किती वर्षांत बाहेर येईल, हे दाबातील बदल व द्रायूंचा प्रवाह धरणाऱ्या गतिकीय प्रतिमानावरून काढतात.