गुणगौरवाची यादी आणि गावाचे दप्तर

धारवाडहून गोव्याच्या दिशेने जाणारी सडक जेथे काळ्या मातीचा सपाट मुलूख सोडून सह्याद्रीच्या पूर्व पायथ्याच्या पावसाळी अरण्यप्रदेशाकडे वळू लागते, त्या संधिस्थानी अळणावर हे गाव वसले आहे. 1880 च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेने हुबळी ते लोंढा हा मार्ग घातला, पुढे दांडेलीच्या जंगलातील सागवान वाहून आणण्यासाठी येथूनच एक फाटा निघाला, आणि अळणावर हे लाकडाच्या व्यापाराचे व रेल्वेचे जंक्शन म्हणून सर्वपरिचित झाले. कालांतराने त्या फाट्यावरील प्रवासी वाहतूक बंद पडली. ती 2019 च्या नोव्हेंबरात पुन्हा सुरू झाली. मध्यंतरी गावाला स्वतंत्र तालुक्याचा दर्जाही मिळाला. एका बाजूला खानापूर, दुसऱ्या बाजूला हल्याळ आणि तिसऱ्या बाजूला धारवाड असे शेजार असल्यामुळे येथील बाजारात कन्नड, मराठी, उर्दू आणि कोकणी या चारही भाषा कानी पडतात, आणि ज्या मुलाच्या घरी यांपैकी एक भाषा बोलली जाते त्याला शाळेत दुसरी व परीक्षेत तिसरी हाताळावी लागणे ही येथे नित्याची गोष्ट आहे.

अशा गावातील हायस्कूलची वार्ता बाहेरच्या जगात सहसा पोहोचत नाही. मे महिन्यात दहावीचा निकाल लागतो, पहिल्या तीन विद्यार्थ्यांची छायाचित्रे जिल्ह्याच्या वृत्तपत्रात येतात, जूनमध्ये शाळा उघडल्यावर गुणगौरव समारंभ होतो, शाल, श्रीफळ व पुष्पगुच्छ दिले जातात, आणि मुख्याध्यापकांच्या वार्षिक अहवालात चार ओळींची भर पडून तो विषय मिटतो. परंतु या चार ओळींच्या पाठीमागे परीक्षेची, शिष्यवृत्तीची, वाहतुकीची आणि भाषेची केवढी गुंतागुंतीची व्यवस्था उभी असते, हे ज्याने समजून घेतले त्यालाच त्या ओळींचे खरे मोल कळेल. आणि म्हणूनच एखाद्या सीमावर्ती गावातील विद्यार्थ्यांचे यश कसे वाचावे याचा थोडा सविस्तर विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम परीक्षेची रचना पाहू. महाराष्ट्रातील वाचकाला दहावी म्हणजे प्रत्येकी शंभर गुणांचे विषय व त्यांतील सर्वोत्तम पाचांची बेरीज हा हिशेब परिचित असतो. कर्नाटकात या परीक्षेला एस.एस.एल.सी. म्हणतात आणि तिचे एकूण गुण 625 असतात. कारण प्रथम भाषेला 125 गुण असून उरलेल्या पाच विषयांना प्रत्येकी 100 गुण असतात. ही प्रथम भाषा कन्नड असू शकते तशी मराठीही असू शकते, आणि मराठी माध्यमातून परीक्षा देण्याची सोयही मंडळाने ठेवलेली आहे. तथापि राज्याच्या 2015 च्या कायद्यान्वये कन्नड ही प्रथम किंवा द्वितीय भाषा म्हणून शिकणे बंधनकारक असल्यामुळे मराठी माध्यमातील मूल आपल्या मातृभाषेबरोबर कन्नड व इंग्रजी या दोन्ही भाषांच्या परीक्षा देते. तीन भाषांचे व्याकरण, तीन लिप्या आणि तीन प्रकारचे निबंध यांचा भार एकाच वयात वाहावा लागणे हे कष्टाचे आहे खरे. परंतु जो विद्यार्थी हा भार पेलतो त्याच्या हाती पुढील आयुष्यासाठी जे धन येते, ते एकभाषिक प्रदेशातील मुलाला क्वचितच लाभते. दुर्दैवाने गुणपत्रिकेत या धनाचा स्वतंत्र रकाना नाही.

गेल्या काही वर्षांत या परीक्षेच्या पद्धतीत मोठे बदल झाले आणि त्यांचा अर्थ नीट न समजल्यामुळे अनेक पालकांच्या मनांत गोंधळ उडाला. 2023 साली राज्याचा निकाल 83.89 टक्के लागला होता. 2024 साली परीक्षागृहांत कॅमेरे लावून त्यांचे चित्रण थेट पाहण्याची व्यवस्था करण्यात आली, नक्कल करण्याचे मार्ग बऱ्याच अंशी बंद झाले, आणि निकाल 73.40 टक्क्यांवर आला. तोही कृपागुणांची मर्यादा दहा टक्क्यांवरून वीस टक्क्यांपर्यंत वाढविल्यानंतर. पुढील वर्षी ही वाढीव सवलत काढून घेण्यात आली आणि 2025 च्या पहिल्या परीक्षेचा निकाल 62.34 टक्के लागला. या उतरत्या आकड्यांकडे पाहून शिक्षण रसातळाला गेले असा आक्रोश करणे सोपे आहे. परंतु पूर्वी जे दिसत नव्हते ते आता दिसू लागले, असाही या आकड्यांचा अर्थ होतो, आणि तोच अधिक न्याय्य आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कॅमेऱ्यासमोर बसून स्वतःच्या बळावर मिळविलेले साठ टक्के हे कोणत्याही शाळेने अभिमानाने सांगावे असे यश आहे.

याच सुधारणेचा दुसरा भाग त्याहून महत्त्वाचा आहे. 2023-24 या शैक्षणिक वर्षापासून विद्यार्थ्याला एकाच वर्षात एकाहून अधिक, प्रारंभी तीन, परीक्षा देण्याची मुभा मिळाली असून त्यांतील उत्तम गुण ग्राह्य धरले जातात. पूर्वी मार्चच्या परीक्षेत एका विषयात अडखळलेला मुलगा गॅरेजमध्ये किंवा हॉटेलात कामाला लागे आणि पुन्हा वर्गाचे तोंड पाहत नसे. आता तोच मुलगा पुढच्या परीक्षेत उत्तीर्ण होऊन त्याच वर्षी पी.यू.सी. म्हणजे अकरावीला प्रवेश घेऊ शकतो. त्याला परत अभ्यासाला बसविण्यासाठी ज्या शिक्षकाने त्याच्या घरी खेटे घातले, आईबापांची समजूत घातली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत जादा तास घेतले, त्या शिक्षकाची कामगिरी कोणत्याही गुणगौरव समारंभात वाचली जात नाही. ती वाचली जावी.

अत्युच्च यशाची उदाहरणेही अर्थातच डोळ्यांसमोर ठेवण्याजोगी आहेत. 2024 साली राज्यात 625 पैकी 625 गुण मिळविणारी विद्यार्थिनी बागलकोट जिल्ह्यातील मोरारजी देसाई निवासी शाळेत शिकलेली शेतकऱ्याची मुलगी होती. बंगळूरच्या नामांकित खासगी संस्थांना मागे टाकून ग्रामीण भागातील सरकारी निवासी शाळेने हे स्थान पटकावले, ही घटना उत्तर कर्नाटकातील प्रत्येक लहान गावाच्या शाळेला धीर देणारी आहे. कारण राहण्याची, जेवणाची आणि शांतपणे अभ्यासाला बसण्याची सोय झाली की बुद्धीला गावाच्या आकाराची मर्यादा पडत नाही, हे तिने सप्रमाण दाखवून दिले.

परंतु सर्वांनाच निवासी शाळा लाभत नाही, आणि म्हणून घरी राहून शिकणाऱ्या मुलांसाठी ज्या योजना आहेत त्यांची माहिती पालकांना असली पाहिजे. यांतील सर्वांत उपयुक्त योजना म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांसाठीची राष्ट्रीय गुणवत्ता शिष्यवृत्ती, जी एन.एम.एम.एस. या नावाने शाळांतून ओळखली जाते. सरकारी, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांतील आठवीचे विद्यार्थी या परीक्षेला बसतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते. बौद्धिक क्षमतेची एक व शालेय विषयांची एक अशा प्रत्येकी 90 प्रश्नांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. आणि निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववीपासून बारावीपर्यंत दरसाल 12,000 रुपये त्याच्या खात्यात मिळतात. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने चार वर्षांतील 48,000 रुपये ही मुलीचे शिक्षण थांबवावे की चालू ठेवावे या प्रश्नाचा निर्णय फिरविणारी रक्कम आहे. म्हणून एखाद्या शाळेतून या शिष्यवृत्तीस दोन विद्यार्थी पात्र ठरले ही वार्ता दहावीच्या प्रथम क्रमांकाच्या वार्तेइतकीच ठळक छापली गेली पाहिजे. विज्ञानाच्या क्षेत्रात केंद्र सरकारच्या इन्स्पायर योजनेखाली निवडलेल्या कल्पनेचा नमुना तयार करण्यास 10,000 रुपये मिळतात, आणि वक्तृत्व, गायन, नृत्य, चित्रकला यांसाठी राज्याच्या ‘प्रतिभा कारंजी’ या स्पर्धा केंद्र, तालुका, जिल्हा व राज्य अशा पायऱ्यांनी चढत जातात.

शाळेपर्यंत पोहोचणे हीदेखील एक कामगिरीच असते. आठवीच्या मुलामुलींना सायकली देण्याची योजना कर्नाटकाने 2006-07 मध्ये सुरू केली. पुढे ती खंडित झाली. जून 2023 पासून सरकारी साध्या बसगाड्यांतून स्त्रियांना व मुलींना विनामूल्य प्रवास मिळू लागला. जंगलाच्या कडेच्या वाडीतून जी मुलगी भर पावसाळ्यात नाले ओलांडून वर्गात येते, तिच्या हजेरीपटावरील प्रत्येक खुणेत पायांचे, पावसाचे आणि घरातील सकाळच्या कामाचे श्रम मिसळलेले असतात. तिने मिळविलेले पंचावन्न टक्के आणि शहरात शिकवणी लावून मिळविलेले पंचाण्णव टक्के यांची तुलना केवळ आकड्यांनी करणे हा अन्याय होय.

क्रीडेच्या बाबतीत या प्रदेशाची हकीकत विशेष मननीय आहे. हल्याळ, यल्लापूर, कलघटगी आणि अळणावरच्या आसपासच्या अरण्यपट्ट्यात सिद्दी समाजाची वस्ती आहे; आफ्रिकेतून शतकांपूर्वी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणल्या गेलेल्या लोकांचे हे वंशज, जे आज कोकणी, मराठी व कन्नड यांच्या संगमावर बोलतात. भारतीय क्रीडा प्राधिकरणाने 1987 साली विशेष क्षेत्र क्रीडा योजनेखाली या समाजातील मुलामुलींना निवडून धावणे, उड्या व फेकीच्या खेळांचे शास्त्रशुद्ध शिक्षण दिले, आणि अल्पावधीतच त्यांच्यापैकी कित्येकांनी राष्ट्रीय पातळीवर पदके मिळविली. 1993 साली ती योजना बंद पडली आणि कारकीर्द ऐन भरात असलेले खेळाडू पुन्हा मजुरीच्या वाटेला लागले. गुण होता, श्रमांची तयारी होती, यशही मिळाले होते. तुटली ती आधाराची परंपरा. पुढे 2020 साली संसदेने कायदा करून बेळगाव व धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींनाही अनुसूचित जमातीचा दर्जा दिला, जो पूर्वी केवळ उत्तर कन्नड जिल्ह्यापुरता होता. त्याच वर्षी, सिद्दी समाजातील पहिले पदवीधर म्हणून ज्यांचा उल्लेख होतो ते शांताराम सिद्दी, राज्याच्या विधान परिषदेवर नियुक्त झाले. शाळेच्या दाखल्यावरील जमातीची नोंद शिष्यवृत्तीचे व वसतिगृहाचे दार कसे उघडते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या कायद्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

गुणपत्रिकेत न मावणाऱ्या गुणवत्तेचा इतिहास धारवाड परिसराला नवा नाही. ज्यांच्या घरात मराठी बोलली जाई ते दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे धारवाडच्या व्हिक्टोरिया हायस्कूलमध्ये शिक्षक होते, आणि 1973 चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना कन्नड काव्यासाठी मिळाला. बेळगाव जिल्ह्यात जन्मलेले जी. ए. कुलकर्णी धारवाडात इंग्रजी शिकवीत राहिले आणि मराठी कथेला त्यांनी नवी खोली दिली. घरची, शाळेची आणि लेखनाची भाषा वेगळी असणे हे या मातीत न्यून कधीच नव्हते. आणि गंगूबाई हनगल यांचे उदाहरण तर प्रत्येक शिक्षकाने स्मरणात ठेवावे असे आहे. महात्मा गांधी ज्याचे अध्यक्ष होते त्या 1924 च्या बेळगाव काँग्रेसमध्ये अकरा वर्षांच्या गंगूने स्वागतगीत गायिले; तिचे शालेय शिक्षण मात्र पाचवीपर्यंतच झाले. त्याच गंगूबाईंना पुढे पद्मविभूषण मिळाले आणि म्हैसूरच्या संगीत विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. त्या स्वागतगीताचा प्रसंग आज आपल्याला माहीत आहे, कारण त्या स्वतः मोठ्या झाल्या आणि तो सांगू शकल्या. ज्या मुली मोठ्या झाल्या नाहीत, त्यांची गाणी कोणत्या दप्तरात आहेत?

या प्रश्नातच प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे. गावोगावच्या हायस्कुलांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या यशाची नोंद अधिक विस्ताराने, अधिक न्यायबुद्धीने आणि कायम टिकेल अशा रीतीने ठेवावी, अशी कळकळीची शिफारस करावीशी वाटते. प्रत्येक शाळेत जन्म, प्रवेश व हजेरी यांचे दप्तर असते. त्याच कपाटात यशाचेही एक जाड बांधणीचे दप्तर असावे. त्यात पहिल्या तिघांची नावे असावीत. पण पहिल्या परीक्षेनंतरच्या परीक्षांत उत्तीर्ण झालेल्यांचीही असावीत. आपल्या घराण्यातून किंवा आपल्या वाडीतून दहावी होणारी पहिली व्यक्ती कोण, शिष्यवृत्ती कोणाला मिळाली, तालुक्याच्या मैदानावर कोण धावले, मातृभाषेहून भिन्न भाषेतील वक्तृत्वात कोणी बक्षीस मिळविले, हे सर्व तारखेसह लिहिले जावे. आणि पाच वर्षांनी प्रत्येक नावापुढे एक ओळ अधिक घालावी, ती अशी की तो विद्यार्थी सध्या काय करतो. या शेवटच्या ओळीमुळे शाळेला कळेल की आपले कोणते प्रयत्न टिकले आणि कोणता आधार 1993 साली सिद्दी खेळाडूंचा तुटला तसा मध्येच तुटला.

असे दप्तर ठेवण्यास सरकारी मंजुरी लागत नाही, मोठा खर्च येत नाही. शाळा विकास समितीचा एक ठराव, एक वही आणि दरसाल दोन दिवस बसून लिहिणारा एक सुवाच्य अक्षराचा शिक्षक एवढे पुरे आहे. पालकांनी पुढील गुणगौरव समारंभाला जाताना मुख्याध्यापकांना ही एक गोष्ट अवश्य विचारावी, आणि दप्तर नसेल तर त्याच दिवशी ते सुरू करण्याचा आग्रह धरावा.