बहुविध मेदगाठी

बहुविध मेदगाठी म्हणजे एकाच व्यक्तीच्या त्वचेखाली अनेक ठिकाणी निर्माण होणाऱ्या, चरबीच्या पेशींनी बनलेल्या निरुपद्रवी गाठी होत. वैद्यकात अशा एका गाठीस लायपोमा व अनेक गाठी असण्याच्या अवस्थेस लायपोमॅटोसिस म्हणतात. सुमारे शंभर व्यक्तींमागे एकीला केव्हा ना केव्हा अशी गाठ येते. त्यांतील बहुतेकांना ती एकच असते. थोड्या व्यक्तींना मात्र दोन-चारपासून शंभराहून अधिक गाठी येतात. या गाठी कर्करोगाच्या नसतात आणि एकीतून दुसरी पसरत नाही. तरीही त्या दिसत असल्याने व हाताला लागत असल्याने रुग्णाच्या मनात कर्करोगाची भीती घर करून राहते. उपचारांचा विचार करताना ही भीती आणि प्रत्यक्ष शारीरिक त्रास या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे तोलाव्या लागतात.

नावे व पूर्वेतिहास

मराठीत अशा उंचवट्यास ‘आवाळू’ हा जुना शब्द आहे. पुणे जिल्ह्याच्या मावळपट्ट्यात वयस्क माणसांच्या तोंडी तो अद्याप ऐकू येतो. नव्या पिढीत ‘चरबीची गाठ’ हा शब्द रूढ झाला आहे. आवाळू हा शब्द मात्र सैल आहे. त्यात मेदाची गाठ, त्वचेतील पिशवीसारखी गाठ आणि गळ्याची सूज या सर्वांचा समावेश होतो, त्यामुळे शब्दावरून निदान ठरत नाही.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड यांचे वर्णन असून त्यात मेदोज ग्रंथीचा उल्लेख येतो. ती स्निग्ध, मोठी व अल्प वेदनेची असते, आणि शरीर वाढले की वाढते, क्षीण झाले की घटते, असे तेथे म्हटले आहे. पहिली निरीक्षणे आजही पटतात. शेवटचे निरीक्षण मात्र आधुनिक अनुभवाशी जुळत नाही: वजन कमी केल्याने मेदगाठ सहसा लहान होत नाही, उलट भोवतालची चरबी झडल्याने ती अधिक उठून दिसते. चिकित्सास्थानात या ग्रंथीवर शस्त्राने मेद काढून दाहकर्म करण्याचा उपाय सांगितला आहे. आयुर्वेदात ‘गाठ विरघळते’ एवढेच सांगणाऱ्यांनी हा भाग पाहिलेला नसतो.

स्वरूप व कारणे

गाठ मऊ, गोलसर किंवा लंबगोल असते. वाटाण्यापासून लिंबाएवढ्या आकाराच्या गाठी नेहमी आढळतात. बोटाने कडेवर दाब दिला असता ती बोटाखालून निसटते, ही तिची ओळखीची खूण होय. तिच्याभोवती पातळ आवरण असते. आतील पेशी सर्वसाधारण चरबीच्या पेशींसारख्याच दिसतात. मात्र अनेक गाठींत बाराव्या गुणसूत्रावरील एचएमजीए२ या जनुकाच्या भागात बदल सापडतो. त्या पेशी उपासाला दाद का देत नाहीत, याचा काहीसा उलगडा यातून होतो. तेलकट खाणे, रक्तातील ‘उष्णता’ किंवा अंगात साचलेली घाण ही कारणे लोकांत सांगितली जातात. त्यांना आधार नाही.

अनेक गाठी असण्याचे काही वेगळे प्रकार आहेत. कौटुंबिक बहुविध लायपोमॅटोसिस हा त्यांतील नेहमीचा प्रकार. तो आईवडिलांपैकी एकाकडून मुलाकडे येऊ शकतो, पुरुषांत अधिक दिसतो आणि बहुधा तिशीच्या आसपास हात, मांड्या व धड यांवर प्रकट होतो. ‘वडिलांच्या हातावरही अशाच होत्या’ हे रुग्णाचे वाक्य डॉक्टरांना पुष्कळ काही सांगून जाते.

मॅडेलुंग रोगात मान, खांदे व दंड यांभोवती चरबीचे समप्रमाण थर जमतात. बेंजामिन ब्रॉडी यांनी १८४६ मध्ये व ओटो मॅडेलुंग यांनी १८८८ मध्ये त्याची नोंद केली. दीर्घकाळ मद्यपान करणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांत तो प्रामुख्याने आढळतो. डर्कम रोगात गाठी दुखतात, तेही अतिशय. तो स्त्रियांत अधिक आढळतो. फ्रान्सिस डर्कम या अमेरिकन चेताविकारतज्ज्ञाच्या नावाने तो ओळखला जातो. तरुणांच्या अग्रबाहूवर येणाऱ्या, दाबल्यावर दुखणाऱ्या लहान लहान गाठी पुष्कळदा अँजिओलायपोमा असतात. त्यांत चरबीबरोबर सूक्ष्म रक्तवाहिन्याही असतात. क्वचित मेदगाठी हे गार्डनर किंवा काउडेन यांसारख्या आनुवंशिक रोगांचे बाह्य चिन्ह असते. त्यामुळे कुटुंबात आतड्याचा, स्तनाचा वा थायरॉइडचा कर्करोग झालेला असल्यास तो इतिहास डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे.

निदान

पुष्कळदा केवळ हाताने तपासून निदान होते. तरी प्रत्येक गाठ चरबीचीच आहे असे गृहीत धरणे चुकीचे ठरते, आणि भारतात तर विशेषच. मानेतील गाठ ही क्षयाने सुजलेली लसीकाग्रंथी, म्हणजे जुन्या भाषेतील गंडमाळ, असू शकते. त्वचेवर मधोमध काळा ठिपका असलेली गाठ ही मेदगाठ नसून एपिडर्मॉइड सिस्ट असते. अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग आणि मऊ गाठी एकत्र असतील तर न्यूरोफायब्रोमॅटोसिसचा विचार करावा लागतो. टेपवर्मच्या अळ्यांमुळे (सिस्टिसर्कोसिस) स्नायूंत व त्वचेखाली लहान गाठी येतात. सोबत झटके येत असतील तर हे निदान चुकवून चालत नाही. कुष्ठरोगाच्या एका प्रकारातही कानाच्या पाळ्या व चेहरा यांवर गाठी उमटतात.

पाच सेंटिमीटरहून मोठी, काही आठवड्यांत वा महिन्यांत झपाट्याने वाढणारी, नव्याने दुखू लागलेली, कठीण, खालच्या भागाला चिकटलेली किंवा स्नायूंच्या आवरणाखाली असलेली गाठ संशयास्पद मानतात. अशा वेळी प्रथम सोनोग्राफी, नंतर आवश्यकतेनुसार एमआरआय व सुईने तुकडा काढून तपासणी केली जाते. यामागे लायपोसार्कोमा या चरबीच्या कर्करोगाची शक्यता असते. तो दुर्मिळ आहे आणि साध्या मेदगाठीचे त्यात रूपांतर होते असे सामान्यतः मानले जात नाही. तो आरंभापासूनच वेगळा असतो. पन्नास गाठी असलेल्या व्यक्तीचा खरा धोका येथे आहे: ‘आणखी एक’ म्हणून एकावन्नाव्या गाठीकडे दुर्लक्ष होते. जुन्या गाठींची जागा व आकार वहीत टिपून ठेवल्यास वेगळ्या रीतीने वाढणारी गाठ लवकर ध्यानात येते.

उपचार

निरीक्षण

निदान पक्के असेल व त्रास नसेल तर काहीही न करणे हाच पहिला मान्य पर्याय होय. सगळ्या गाठी काढणे बहुधा शक्य नसते आणि काढल्या तरी नव्या येण्याची प्रवृत्ती जात नाही. म्हणून ‘किती गाठी आहेत’ यापेक्षा ‘कोणती गाठ त्रास देते’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. खांद्यावर ओझे वाहणाऱ्याची खांद्यावरची गाठ, कमरपट्ट्याखाली घासणारी गाठ, मज्जातंतूवर दाब देणारी गाठ, संशयास्पद गाठ अशा निवडक गाठी काढाव्यात. चेहऱ्यावरील वा मानेवरील गाठीमुळे कोणी चारचौघांत मिसळणे टाळत असेल, किंवा लग्न जमविताना तिचा बाऊ होत असेल, तर तेही गाठ काढण्याचे पुरेसे कारण आहे. त्यास केवळ हौस म्हणणे अन्यायाचे होईल.

शस्त्रक्रिया

गाठ आवरणासह काढणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. आवरण संपूर्ण निघाल्यास त्याच जागी गाठ पुन्हा येण्याचे प्रमाण अत्यल्प असते. भाग बधिर करून गाठीवर छेद घेतात, गाठ सोडवून काढतात व टाके घालतात. रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. मऊ व लहान गाठींसाठी काही मिलिमीटरचा छेद घेऊन गाठ दाबून बाहेर काढण्याची पद्धतही वापरतात. अग्रबाहूवर अनेक गाठी असतील तेव्हा तिचा विशेष उपयोग होतो, कारण व्रण लहान राहतात.

एका बैठकीत किती गाठी काढता येतील, हे पुष्कळ अंशी बधिर करणाऱ्या औषधाच्या मर्यादेवर ठरते. लिग्नोकेनची नेहमीची कमाल मात्रा शरीराच्या दर किलोग्रॅममागे सुमारे ४.५ मिलिग्रॅम, व ॲड्रेनॅलिन मिसळलेले असल्यास सुमारे ७ मिलिग्रॅम धरतात. म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीस साधे औषध २७० मिलिग्रॅमपर्यंत देता येते. दोन टक्के तीव्रतेच्या द्रावणात ते अवघे साडेतेरा मिलिलिटर होते. ही मर्यादा ओलांडल्यास झटके व हृदयाच्या ठोक्यांत बिघाड संभवतो. डॉक्टर वीस गाठी तीन-चार बैठकांत काढू म्हणतात, त्यामागे पैशांचा हिशेब असतोच असे नाही. गाठी फारच असतील तर पूर्ण भूल देऊन एकदम काढण्याचाही मार्ग असतो. त्यात भुलेची जोखीम येते.

रक्त वा पाणी साचणे, जंतुसंसर्ग, बधिरता हे संभाव्य दुष्परिणाम होत. छाती, खांदे व पाठ यांवर काहींचा व्रण जाड होऊन वाढतो (कीलॉइड). पूर्वी असा व्रण झाला असल्यास आधीच सांगावे. मानेच्या बाजूची गाठ काढताना खांदा उचलणारा मज्जातंतू जवळ असतो, तर कपाळावरील गाठ पुष्कळदा स्नायूखाली असते. अशा गाठी ‘किरकोळ’ म्हणून कोणाही हाती देऊ नयेत. काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीसाठी पाठविणे इष्ट असते. खर्च वाचविण्यासाठी नेमकी हीच पायरी गाळली जाते.

लायपोसक्शन व इंजेक्शने

लायपोसक्शनमध्ये लहान छिद्रातून नळीने चरबी ओढून घेतात. मॅडेलुंग रोगासारख्या पसरलेल्या चरबीसाठी ते सोयीचे पडते. मात्र सुट्या गाठीचे आवरण मागे राहू शकते व गाठ पुन्हा वाढू शकते.

डिऑक्सिकोलिक आम्लाच्या इंजेक्शनाने चरबीच्या पेशी नष्ट होतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये त्यास मान्यता दिली ती हनुवटीखालील चरबीसाठी, मेदगाठींसाठी नव्हे. लहान गाठींवर ते वापरले जाते. सूज, वेदना आणि अनेक बैठका हे त्याचे तोटे. स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने गाठ काहीशी आक्रसते, पण सावळ्या त्वचेवर पांढुरका खड्डा राहू शकतो. कोणतेही इंजेक्शन दिले तरी तपासणीसाठी गाठ हाती येत नाही, म्हणून निदान आधी पक्के हवे.

मूळ विकारावरील उपाय

मॅडेलुंग रोगात मद्यपान थांबविणे आवश्यक असते. त्याने जमलेली चरबी सहसा उतरत नाही, पण वाढीस आळा बसू शकतो. डर्कम रोगात वेदनाशमन हाच मुख्य उपचार असतो. आहार व व्यायाम आरोग्यास हितकर आहेत, गाठींवरील औषध म्हणून नव्हे.

घरगुती व अघोरी उपाय

गाठीवर बिब्बा घालणे, चुना व क्षार लावणे, तापल्या लोखंडाचा डाग देणे, दोरा आवळणे हे प्रकार ग्रामीण भागात पूर्वापार चालत आले आहेत. बिब्ब्याने कातडी भाजून फोड येतात, गाठ मात्र त्वचेखाली तशीच राहते. वर पडलेल्या व्रणामुळे पुढची शस्त्रक्रिया अवघड होते. मधुमेह्यांमध्ये अशी जखम चिघळण्याची भीती अधिक.

मुळशी तालुक्यातील उपचारांची सोय

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याचे मुख्यालय पौड येथे असून तेथे ग्रामीण रुग्णालय आहे. तालुक्याचा पूर्व भाग पुणे शहराला लागून असल्याने तेथील रहिवाशांना खासगी शल्यचिकित्सक सहज उपलब्ध होतात. लवळे येथे सिंबायोसिस विद्यापीठाचे रुग्णालय आहे. धरणापलीकडील व ताम्हिणी घाटाकडील गावांची परिस्थिती वेगळी आहे. तेथून एका गाठीसाठी दवाखान्यात जाणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडविणे होय. पुढील तपासणीसाठी औंध येथील जिल्हा रुग्णालय व पुण्यातील ससून सर्वोपचार रुग्णालय ही शासकीय केंद्रे आहेत. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क करण्यात आले. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत असल्याने तेथील शुल्काची चौकशी स्वतंत्रपणे करावी लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरावीक शस्त्रक्रियांचाच अंतर्भाव असतो; आपली शस्त्रक्रिया त्या यादीत आहे किंवा नाही, हे संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्र सांगू शकतो.

मुळशी हा मुसळधार पावसाचा व भातशेतीचा प्रदेश आहे. तातडी नसलेली गाठ ऐन लावणीच्या दिवसांत काढल्यास टाके ओले राहतात व चिखलाचा संसर्ग होतो, विशेषतः हातापायांवरील गाठींबाबत. टाके निघेपर्यंत, म्हणजे जागेनुसार सुमारे एक ते दोन आठवडे, जखम कोरडी ठेवावी लागते. भात घरात आल्यानंतरचे, मार्गशीर्षापासूनचे दिवस त्यासाठी सोयीचे पडतात. संशयास्पद गाठीस मात्र हा नियम लागू नाही; तिची तपासणी आषाढातही थांबवू नये.